सहा नंबरचा बोअर आणि आमच्या वन्सं

आमच्या वन्संचे दात साठीच्या आतच झिजून गेले. दाताच्या डॉक्टरनं आरसा घालून तोंडात बघितलं, मग वन्संच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "मावशी, तुम्ही खाता तरी काय?"

वन्सं म्हणाल्या, "माती."

डॉक्टर हसला.

"चौतीस वर्षं," वन्सं म्हणाल्या, आणि तो हसायचा थांबला. मला त्याची कीव आली. मीच मग सांगितलं, "अहो, खात नाहीत. दातांखाली धरून बघतात आणि थुंकून टाकतात. नोकरीच तशी होती."

वन्सं म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची धाकटी बहीण. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. पण नणंद ती नणंद, म्हणून मी त्यांना अहो-जाहो करते आणि त्या मला सरळ 'वहिनी, तू' म्हणतात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्या नोकरीला लागून वर्ष झालं होतं. त्यांनी लग्न केलं नाही. एक स्थळ आलं होतं, बरं होतं. मुलानं सहज विचारलं, "तुमचं काम काय असतं?" वन्संनी तासभर सांगितलं. जाताना त्याच्या आईनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुमचं कसं होत असेल हो?" माझं छान चाललं होतं.

काम असं होतं. पूल बांधायचा म्हटलं की खांब कशावर उभा राहणार ते आधी बघावं लागतं. वरून दिसते ती नदी. खाली काय आहे ते कुणाला ठाऊक? म्हणून पाण्यात तराफा आणायचा, त्यावर लोखंडी तिवई उभी करायची, आणि यंत्रानं तळात भोक पाडत जायचं. त्या भोकाला सगळे बोअर म्हणतात. जसजसं खाली जाईल तसतशी माती पोलादी नळीत भरून वर येते. त्या नळ्या नदीकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये वन्संकडे यायच्या. वन्सं नळीतली माती बाहेर ढकलायच्या, तारेनं साबणाची वडी कापावी तशी उभी कापायच्या, वास घ्यायच्या, बोटांत मळायच्या, आणि कणभर पुढच्या दातांत धरायच्या. वाळू असली तर करकरते. गाळ असला तर नुसती कुरकुर. आणि चिकणमाती लोण्यासारखी निघून जाते, दाताला कळतही नाही. एवढं झालं की रजिस्टरात लिहायचं आणि तुकडा लाकडी खोक्याच्या खणात ठेवायचा. डावीकडून उजवीकडे, एका ओळीखाली दुसरी ओळ, वरची माती आधी आणि खालची नंतर. त्यांचं खोकं पुस्तकासारखं वाचता यायचं. मला पुस्तक वाचायला वेळ लागतो, मी चौथीत शाळा सोडली. पण खोकं मी पहिल्या महिन्यातच वाचायला शिकले.

आमचे हे बेकरीत. पहाटे जायचे आणि दुपारी पिठानं पांढरे होऊन यायचे. वन्सं संध्याकाळी चिखलानं राखाडी होऊन यायच्या. भाऊ तसा आणि बहीण अशी, आणि कपडे धुवायला मी एकटी. पीठ आणि चिखल एका बादलीत भिजवले की काय तयार होतं ते मी एकदाच बघितलं. पुन्हा ती चूक केली नाही. पण त्यामुळे एक झालं, धुण्यातलं मला जेवढं कळतं तेवढं फार थोड्यांना कळत असेल. कुठला डाग गार पाण्यानं जातो, कुठला घासावा लागतो आणि कुठल्यापुढे हात टेकायचे, ते मी बोट लावून सांगते.

एकदा मी विचारलं, "वन्सं, नदीच्या तळाला दगड असायला हवा ना? तुमचा आपला रोज चिखलच. एवढा आला कुठून?"

त्या मला हात धरून मागच्या मोरीशी घेऊन गेल्या. "हिचं तोंड मोकळं असलं की पाणी कसं जातं?"

"धो धो."

"आणि तळ?"

"घासल्यासारखा स्वच्छ."

"आणि तोंडाशी बोळा बसला तर?"

"तुंबते मेली. पाणी उभं राहतं, सगळा गाळ खाली बसतो आणि तो मलाच उपसावा लागतो."

"झालं तर. नदी म्हणजे मोरी, आणि समुद्र म्हणजे तिचं तोंड."

मग त्यांनी तिथेच, मोरीच्या कट्ट्यावर बसून सांगितलं. हजारो वर्षांपूर्वी थंडी इतकी होती की जगातलं पुष्कळ पाणी बर्फ होऊन जमिनीवरच अडकून पडलं. समुद्र खाली गेला, किनारा पार दूर सरकला. आपली नदी तेव्हा उतारावरून पळत होती, आणि पळता पळता तिनं खोल दरी कापून काढली. पुढे ऊब आली, बर्फ वितळलं आणि समुद्र चढत चढत त्या दरीत शिरला. नदीला पळायला जागाच उरली नाही. तिनं डोंगरातून जो गाळ आणला होता तो जागच्या जागी टाकत गेली. थरावर थर. दरी काठोकाठ भरली आणि वर छान सपाट जमीन झाली. सपाट जमीन दिसली की माणसाला घर बांधल्याशिवाय राहवत नाही.

"म्हणजे आपलं घर, ह्यांची बेकरी, बाजार..."

"सगळं भरलेल्या दरीवर."

"तुंबलेल्या मोरीवर राहतो म्हणा की आपण."

"रजिस्टरात तसं लिहीत नाहीत," वन्सं म्हणाल्या, "पण हो."

तेव्हापासून मी बाजारात जरा हळू चालायला लागले. हे हसायचे. हसू देत.

आता त्या पुलाची गोष्ट. नदीच्या मुखाजवळ मोठा पूल व्हायचा होता, नऊ खांबांचा. नऊ खांब म्हणजे नऊ बोअर. वन्सं तेव्हा चाळिशीत होत्या आणि त्यांच्या वाकड्यात जायची कुणाची छाती नव्हती. एक मिस्त्री सोडून. मिस्त्री यंत्र चालवायचा. त्याची आणि वन्संची अठरा वर्षांची ओळख आणि अठरा वर्षांचं भांडण. माणूस मनानं चांगला, पण आवाज असा की नदीच्या पलीकडच्या माणसालाही आपल्यालाच ओरडतोय असं वाटावं. साहेब नवे होते. सहा महिने झाले होते येऊन. तरुण, सरळ, चष्मा सारखा नाकावर ढकलणारे.

शनिवारी सकाळी तराफा आणि यंत्र दुसऱ्या नदीवर जायचं होतं. आठ बोअर आटोपले होते. राहिला होता सहा नंबरचा, डोंगराच्या पायथ्याजवळचा. गुरुवारी दुपारी तिथे अठ्ठावीस मीटरवर दगड लागला. नियम असा होता की दीड मीटर सलग दगड निघाला की खडक लागला असं धरायचं आणि थांबायचं. दीड मीटर निघाला. मिस्त्रीनं यंत्र थांबवलं आणि चहा सांगितला.

हा चहा त्यांच्यात फार महत्त्वाचा. खडक लागला की मिस्त्रीनं सगळ्यांना चहा पाजायचा, आणि चहा प्यायला की बोअर बंद. कागदावर सही नंतर होते, पण खरी सही म्हणजे तो चहा. चहा झाल्यावर कुणी बोअर पुन्हा उघडलाय असं कधी घडलं नव्हतं.

सगळे प्यायले. वन्संचा कप गार होऊन गेला, कारण त्यांच्या हातात दगडाचा शेवटचा तुकडा होता. हातभर लांब, वरवंट्यासारखा गोल. त्या त्याचं बूड बघत होत्या.

"मिस्त्री, याच्या बुडाला चिखल लागलाय."

"ताई, भोक ढासळू नये म्हणून यंत्रातून चिखलच तर फिरवतो आम्ही. लागणारच. चहा घ्या."

"तुमचा चिखल पिवळा असतो. हा करडा आहे."

"करडा तर करडा. अहो, चहावर साय आली तुमच्या!"

वन्सं साहेबांकडे गेल्या. म्हणाल्या, हा खडक नाही, डोंगरावरून घरंगळून आलेला धोंडा आहे. याच्या खाली पुन्हा चिखल आहे. बोअर पुढे न्या. साहेबांनी चष्मा ढकलला आणि म्हणाले, "नियमाप्रमाणे दीड मीटर झालाय. तुमच्याकडे काही पुरावा असेल तर उद्या दहापर्यंत दाखवा. दहा वाजता खोक्यांना खिळे ठोकायचे आहेत."

पुरावा होता तो दगडाच्या बुडाला. बोटाच्या पेराएवढा जाड लेप. पण शेडमधलं भिंग आठवड्यापूर्वी फुटलं होतं आणि वन्संचं स्वतःचं घरी होतं. म्हणून त्यांनी जे वीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. नमुना शेडबाहेर न्यायचा नाही हा पहिला नियम. त्यांनी तो दगड वर्तमानपत्रात गुंडाळला, डब्याच्या पिशवीत घातला आणि घरी घेऊन आल्या.

जेवणाआधी ओट्यावर दिवा ओढून त्यांनी भिंगातून बघितलं, आणि एकदम टाळी वाजवली. "शिंपला! वहिनी, हे बघ, चिखलात शिंपला आहे."

मला ठिपका दिसला. मी म्हटलं, "हो, आहे खरा."

"म्हणजे दगडाखाली समुद्राचा चिखल आहे. भरलेली दरी अजून खाली आहे. आणि हे लोक खांब या धोंड्यावर उभा करणार."

"मग काय होईल?" ह्यांनी विचारलं.

"केकवर मेणबत्ती उभी करतात तसं."

"माझ्या केकवरची मेणबत्ती कधी हललेली नाही," हे म्हणाले. त्यांना लागलं ते.

"तुझ्या केकवरून ट्रक जात नाहीत, दादा."

त्या दिवशी आम्ही छान जेवलो. वन्संनी दगड तसाच ओट्यावर, उघड्या वर्तमानपत्रावर ठेवला आणि शिंपल्याच्या आनंदात झोपायला गेल्या.

आता माझं ऐका. शुक्रवारी मी उठले तेव्हा हे बेकरीत गेलेले. ओट्यावर तो दगड. आदल्या दिवशीचं सगळं मी ऐकलं होतं, पण माझ्या डोक्यात एवढंच राहिलं होतं की हा दगड साहेबांना दाखवायचाय. आणि दगडाची अवस्था बघवत नव्हती. सगळा लडबडलेला. मला वाटलं, साहेबांपुढे न्यायचा आहे, जरा बरा दिसू दे बिचारा. त्या घाईत असतील, आपण करून ठेवू.

मी ब्रश घेतला, सोडा घेतला, आणि असा घासला, असा घासला, की काय सांगू. काळा कुळकुळीत निघाला, आत पांढऱ्या रेघा. पुसला आणि स्वच्छ नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवला. वर गाठ मारली, छानशी.

वन्सं आल्या. "वहिनी, दगड कुठाय?"

"हा काय."

त्यांनी गाठ सोडली. नॅपकिन उघडला. दगड उलटा करून बूड बघितलं.

"चकचकीत झालाय ना?" मी म्हटलं.

"वहिनी, तू हा धुतलास?"

"सोड्यानं."

वन्सं फरशीवर खाली बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या हळूच म्हणाल्या, "चिखल हाच पुरावा होता गं." आणि तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. एका ब्रशानं मी पुलाचा खांब धुऊन टाकला होता. आता त्यांच्या हातात होता एक सुंदर दगड, आणि तोही नियम मोडून घरी आणलेला. साहेबांनी मनावर घेतलं असतं तर नोकरी गेली असती, आणि खांब धोंड्यावर उभा राहायचा तो राहिलाच असता.

मग वन्संनी माझ्याकडे बघितलं, सिंककडे बघितलं, आणि म्हणाल्या, "पाना आण."

सिंकखालच्या बाकदार पाइपाखाली त्यांनी पातेलं ठेवलं आणि पाठीवर झोपून पाइप उघडला. पातेल्यात भळकन सगळं पडलं. चहाची पत्ती, केस, ह्यांच्या निळ्या शर्टाचं बटण, जे हरवल्याबद्दल मी दोन महिने त्यांना बोलत होते, आणि करड्या चिखलाचा सुपारीएवढा गोळा. वन्संनी तो दातांखाली धरला.

"ई! सिंकमधला आहे तो!"

"गप्प बस. लोणी आहे." मग तोंड वाकडं करून म्हणाल्या, "आणि सोडा."

शिंपल्याचा अर्धा तुकडाही सापडला, तिळाएवढा. वन्सं म्हणाल्या, हा कोण मानणार? सिंकमधून निघालेला चिखल म्हणजे कुणाच्याही चपलेचा असू शकतो. मी लुगड्याला हात पुसले आणि म्हटलं, "मी येते."

"तू येऊन काय करणार?"

"धुतलाय कुणी?"

शेडमध्ये आम्ही पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. खोकी ओळीनं मांडलेली, मिस्त्रीच्या हातात हातोडी, तोंडात खिळे. साहेब टेबलाशी. वन्संनी दगड टेबलावर ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. घरी नेला, चूक माझी. चिखल धुतला गेला, तीही चूक माझीच. साहेबांचा चेहरा लांबत गेला.

"तुम्ही? वीस वर्षं काम केलेल्या बाईंनी नमुना घरी न्यायचा? आणि ज्यासाठी नेला तेच धुऊन आणायचं?"

"त्यांनी नाही, मी धुतला," मी म्हटलं. तोंड एकदा चालू झालं की माझं थांबत नाही. "आणि साहेब, त्यावर दोन चिखल होते."

"काय?"

"दोन. कडेला होता तो पिवळा, बुळबुळीत. पाणी टाकलं की आपोआप ओघळला, घासावं लागलंच नाही. तो तुमच्या यंत्राचा. तो वन्संच्या कपड्यांवर रोज असतो, मी रोज धुते. बुडाला होता तो वेगळा. पाण्यानं हललासुद्धा नाही. कणकेसारखा ब्रशाला धरून बसला, करडा. मला सोडा घ्यावा लागला तो त्याच्यासाठी. आणि तो फक्त बुडालाच होता. यंत्राचा असता तर सगळीकडे नसता का लागला?"

साहेबांनी दगड उचलला आणि परत खाली ठेवला. मग म्हणाले, "बाई, तुमच्या स्वयंपाकघरातल्या सिंकवरून मी पुलाचा खांब ठरवू?" रागानं नाही म्हणाले. खरंच विचारत होते.

तेवढ्यात मिस्त्रीनं तोंडातले खिळे हातावर काढले. "वहिनी, त्याला वास होता का?"

"होता तर! नासक्या अंड्याचा. खिडकी उघडली मी."

मिस्त्रीनं हातोडी खाली ठेवली. मग तो, त्याच्या मानानं अगदी हळू, म्हणजे तुमच्या आमच्या आवाजात, म्हणाला, "साहेब, माझ्या यंत्राच्या चिखलाला वास नसतो. तो वास समुद्राच्या जुन्या चिखलाला असतो. बाकीच्या आठही बोअरमध्ये होता." त्यानं वन्संकडे बघितलं नाही. "सहा नंबरच्या भोकातल्या आधाराच्या नळ्या अजून वर काढल्या नाहीत. दोन तासांत कळेल."

"पण तुम्हीच काल खडक म्हणालात."

"म्हणालो. चहासुद्धा पाजला."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दुपारपर्यंत," ते म्हणाले.

मला कुणी घरी जा म्हटलं नाही, म्हणून मी गेले नाही. काठावर एका उलट्या बादलीवर बसले. वन्सं तराफ्यावर, मिस्त्रीच्या शेजारी उभ्या. यंत्र दगडावर सुरू झालं की कसा कर्कश आवाज येतो, दातांतून कळ जाते. मिस्त्री म्हणाला होता, भोकात पडलेले दगडाचे तुकडे आधी फुटतील, पण तो आवाज चालूच राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दगडाखाली दगडच असला तर काय, हे मी तेव्हा पहिल्यांदा मनात आणलं. वास मला कशाचाही आला असेल. सिंकचाच असेल. मी देवाला म्हटलं, चूक माझी आहे, वन्संच्या पदरात नको टाकूस.

आणि एकदम आवाज बदलला. कर्कशपणा गेला आणि यंत्र हलकं हलकं फिरायला लागलं, जड ओझं खाली ठेवल्यावर माणूस सुस्कारा सोडतो तसं. मिस्त्रीनं ओरडून काहीतरी म्हटलं, ते पलीकडच्या गावातही ऐकू गेलं असेल. नळी खाली गेली, वर आली. वन्संनी तिथेच तराफ्यावर माती बाहेर ढकलली. मला काठावरून दिसलं. करडी, ओली, चकाकणारी, हातभर लांब. त्यात पांढरे ठिपके.

वन्संनी कणभर दातांत धरली. मग तसाच एक कण मिस्त्रीपुढे धरला. अठरा वर्षांत त्यानं ते कधी केलं नव्हतं, यंत्रवाले मातीला तोंड लावत नाहीत. त्यानं धरला.

"काय?" वन्संनी विचारलं.

"खारट आहे," तो म्हणाला आणि नदीत थुंकला. "आणि माझं चुकलं. आता जेवायच्या आधी तोंड धुऊ द्या."

साहेबांनी फोन केला आणि तराफा सोमवारपर्यंत थांबवला. मग रविवारपर्यंत काम चाललं. मी दोन्ही दिवस डबे घेऊन गेले, ह्यांनी बेकरीतून पाव पाठवले. समुद्राचा चिखल सदतीस मीटरपर्यंत लागला. त्याखाली काळा कुट्ट थर आला, कुजलेल्या पानांचा, आणि त्यात एक काटकी. सालीसकट काटकी! वन्सं म्हणाल्या, समुद्र चढत यायला लागला तेव्हा इथे दलदल होती, झाडं होती. त्या झाडाची ही. मी हात मागे बांधून बघितली. कशालाही हात लावायचा नाही अशी मी शपथच घेतली होती. तर वन्सं म्हणाल्या, "घे गं हातात," आणि माझ्या तळहातावर ठेवली. अजून वाकत होती.

त्याखाली गोटे आले, गोल गुळगुळीत. ती जुनी नदी, पळणारी. तिनंच ते घासले होते. आणि चव्वेचाळीस मीटरवर खडक. या वेळी दीड मीटरवर कुणी थांबलं नाही. साहेब म्हणाले पाच मीटर जा, मिस्त्री म्हणाला सहा जातो. पुढे त्या खात्यात पाच मीटरचाच नियम झाला. शेवटच्या तुकड्याचं बूड वन्संनी, मिस्त्रीनं आणि साहेबांनी तिघांनी मिळून बघितलं. कोरडा, ताजा तुटलेला दगड. दुसरं काहीच नाही. वन्संनी हातोडीनं टकटक केलं, घंटेसारखा वाजला.

मी म्हटलं, "मग आता चहा?"

"आता जेवण," मिस्त्री म्हणाला.

पण वन्सं खोक्याशी बसल्या होत्या. त्यांच्या कामात एक पद्धत आहे. एखादा तुकडा हरवला किंवा वर आलाच नाही, तर खणात त्या जागी लाकडी ठोकळा ठेवतात आणि त्यावर पेन्सिलीनं कारण लिहितात. नाहीतर पन्नास वर्षांनी कुणी खोकं उघडलं तर त्याला वाटेल, जमिनीतच पोकळी होती. वन्संनी माझा चकचकीत दगड खणात ठेवला, आणि त्याच्या बुडाशी बोटाएवढा एक ठोकळा बसवायला घेतला.

साहेब म्हणाले, "राहू द्या आता. खालचा सगळा नमुना आहे आपल्याकडे. कोण विचारतंय?"

"या जागचा चिखल नाही आहे, साहेब."

"लिहिलंत तर घरी नेल्याचंही लिहावं लागेल. कागदावर येईल ते."

"येऊ दे."

त्यांनी पेन्सिल ओली केली आणि बारीक अक्षरात लिहिलं. मग ठोकळा माझ्या हातात दिला. मी अक्षर अक्षर लावून वाचलं: 'बुडाचा चिखल घरी धुतला गेला. नमुना घरी नेण्याची चूक माझी.'

"आणि धुण्याची?" मी विचारलं.

"ती मावत नाही. ठोकळा लहान आहे."

"मोठा कापून देऊ का?" मिस्त्री म्हणाला.

साहेबांनी ठोकळा माझ्या हातातून घेतला, उलटा केला, मागच्या बाजूला 'पाहिले' असं लिहून खाली सही केली, आणि वन्संना परत दिला. वन्संनी तो जागेवर दाबून बसवला. मिस्त्रीनं झाकण ठेवलं. पहिला खिळा वन्संनी ठोकला, आणि तो वाकडा गेला.